टेपर

शेंडे सरांना इंग्रजी शब्द विचारला की ते आधी डोळे मिटत, मग अर्थ सांगत आणि लगेच बजावत, "अर्थ पाठ करून का होते बाबू? वाक्यात टाकून दाखव." आमच्या करडी गावच्या शाळेत मी त्यांचा विद्यार्थी, पुढे शेजारीही झालो. निवृत्तीनंतरही अख्खं गाव अडलेलं इंग्रजी घेऊन त्यांच्याकडे येई. सर 'माहीत नाही' म्हणाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

सरांच्या पत्नी शांताकाकूंचे सांधे सुजत. भंडाऱ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्यांना आराम पडला. काही महिन्यांनी सरांनी डॉक्टरांना फोन लावला, तेव्हा मी तिथेच होतो.

"सर, आता गोळ्या टेपर करा," स्पीकरवरून डॉक्टर म्हणाले.

"येस, येस, टेपर," सर म्हणाले. फोन ठेवून त्यांनी मला सांगितलं, "टेपर म्हणजे निमुळतं होत होत संपणं. संपल्या शांताच्या गोळ्या!" दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद.

आठवडाभरात काकू उलट्यांनी गळून गेल्या आणि एका सकाळी अंगणातच कोसळल्या. मी गाडी काढली. भंडारा येईपर्यंत सर काकूंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

"स्टेरॉइडच्या गोळ्या अशा एकदम बंद कुणी केल्या?" डॉक्टरांनी विचारलं. "टेपर म्हणजे हळूहळू कमी करायच्या. मीच मराठीत सांगायला हवं होतं."

"नाही जी, डॉक्टरसाहेब." सरांची नजर फरशीवर होती. "मले शंका आली होती. पण जनमभर इंग्रजी शिकवली, इचाराची लाज वाटली."

काकू वाचल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सर स्वतःहून सारं सांगत. कुणी म्हणालं, "चूक होते सर," तर म्हणत, "चूक नाही, मिजास होती." काकू वैतागत. "मी जित्ती आहो न? मंग कायले मान खाली घालून बसता?" पोरांना इंग्रजी शिकवणंही सरांनी सोडलं.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. त्यांच्या शेवटच्या आजारात डॉक्टर काही इंग्रजी बोलले की ते पलंगावरून हळूच म्हणत, "शांता, तू इचार."

काकू बेधडक विचारत, "म्हंजे का जी?"

डॉक्टर समजावून सांगत. तेवढा वेळ सर भिंतीकडे तोंड करून ऐकत.