वरातीला दिलेली घोडी

आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडे. मुलगी एम.एस्सी.साठी पुण्याला विद्यापीठात निघाली, तेव्हा घरात रडली नाही. रडली ती गोठ्यात, घोडीच्या मानेला मिठी मारून. बाहेर आली आणि मला म्हणाली, "बाबा, रोज सकाळी फिरवायची. आन वरातीला कोनालाच द्यायची नाय. तिला फटाके सोसत नाय."

"नाय देत," मी म्हणालो.

ही घोडी मी म्हशाच्या जत्रेतून आणलेली. गेलो होतो बैल बघायला. मुलगी तेव्हा आठवीत होती, ती घोडीपाशी उभी राहिली ती हलेचना. गावानं महिनाभर विचारलं, "भाताची खाचरं आता घोडी नांगरनार काय?" मी काही बोलत नसे. मी मुळातच कमी बोलतो. त्याचं आजवर लोकांनी कौतुकच केलं.

पुण्याला गेल्यावरही तिनं रपेट सोडली नाही. तिकडे एका घोडेस्वारी शिकवणाऱ्याकडे पहाटे जाऊन घोड्यांना खरारा करायची, त्या बदल्यात तासभर बसायला मिळायचं. दर दुसऱ्या शुक्रवारी पुण्याहून आळेफाट्यामार्गे एसटीनं सरळगावला उतरायची. मी मोटारसायकल घेऊन उभा असे. मागे बसताच पहिला प्रश्न, "घोडी चंदी नीट खाते ना?" माझी चौकशी त्यानंतर, किंवा नाहीच. शनिवारी उजाडताच कापणी झालेल्या खाचरांतून घोडी दुडक्या चालीनं निघे आणि मी ओट्यावरून बघत राही. चहाच्या टपरीवर तिच्या गोष्टी मी चार माणसांना सांगितल्या असतील, तिला एकही नाही.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, चुलतभावाच्या मुलाचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी चुलतभाऊ आला.

"उद्या नवरदेव मारुतीच्या पाया पडाया जाईल. घोडी पायजे."

"तिला आवाजाचा त्रास हाय."

"अरे, नवरदेव हाय तो, तोफ नाय. लांबून भाड्याची घोडी आनली तर लोक काय बोलतील? भावाच्या दारात उभी आन आमाला नाय?" मग हसत हसतच म्हणाला, "तुज्या पोरीच्या लग्नाला मांडव आमीच घालनार ना रे?"

आमच्याकडे लग्नघरी नाही म्हणणं म्हणजे नातं तोडणं. पण खरं सांगायचं तर मला तेवढीही भीती नव्हती. सगळी भावकी दारात येऊन मागते आहे, याचं बरं वाटलं. मुलीची परीक्षा होती, ती येणार नव्हती. मी घोडी दिली. कपाळाला गोंडेही मीच बांधले.

मारुतीच्या देवळाजवळच्या डांबरी वळणावर कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. घोडी दोन पायांवर उभी राहिली, मागचे नाल घसरले आणि ती पुढच्या गुडघ्यावर आदळली. नवरदेव चुलत्यांच्या खांद्यांवर अलगद पडला. "नवरी बघायच्या आधीच लोळला गो," असं एक बाई म्हणाली आणि सगळे हसले. घोडी उठली, पण तो पाय तिनं टेकला नाही.

रात्री मुलीचा फोन आला. मी सांगितलं, "सकाळपासून लंगडते."

"कशानं?"

"काय म्हाईत."

ती म्हणाली, "मागल्या रविवारी मी बांधावरून उडवली होती तिला. तेव्हाच लागलं असेल का?"

मी म्हणालो, "असेल."

एवढंच. मला कथा रचावी लागली नाही. तिनंच रचली, मी फक्त मान डोलावली. गावालाही मी सांगून ठेवलं होतं, पोरीपुढे विषय नको. भावकीनं तेवढं पाळलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता स्वारी नाही. मुलगी यायची, गुडघा शेकायची, पट्टी बांधायची. पुण्याला घोड्यावर बसणंही तिनं बंद केलं. आईनं कारण विचारलं तर म्हणाली, "आपली राखता आली नाय, दुसऱ्यांच्या घोड्यावर कशाला बसू?" मी तिथंच जेवत होतो. भात संपवला आणि हात धुवायला उठलो.

पुढच्या आषाढात घोडी गेली.

मुलगी आता नोकरीला आहे, लांब. गेल्या महिन्यात एका दुपारी मी फोन करून तिला सगळं सांगितलं. गोंडे कोणी बांधले तेही. शेवटी तिनं विचारलं, "मी घोड्यावर बसनं सोडलं, ते तुमाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"आन कशामुळं सोडलं, ते?"

"तेही."

"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

दर रविवारी तिचा फोन येतो. मी उचलला की म्हणते, "आईला द्या." मी देतो.