बॅगेतली डिस्क आणि पितळेचं आपट्याचं पान

मंडळी, या सदरात मी आजवर फक्त कमेंटमध्ये यायचो, आणि तेही खुसपटं काढायला. कुणाच्या घरात दिवा आपोआप लागला की मी लिहायचो — अर्थिंग तपासा. कुणाला रिकाम्या माळ्यावर पावलं ऐकू आली की मी लिहायचो — उंदीर आहेत, पिंजरा लावा. दोघा-तिघांनी मला ब्लॉक केलंय, आणि त्यांचं बरोबरच होतं. तर आज माझी पाळी. घ्या सूड उगवून. कारण गेल्या दसऱ्याला जे झालं ते मला अजून झेपलेलं नाही... आणि गंमत म्हणजे आठवलं की भीती वाटत नाही, हसूच फुटतं.

मी काळेवाडीचा. सर्व्हर सांभाळणं ही माझी नोकरी. म्हणजे कंप्यूटर का बंद पडला याचं कारण शोधायचा मला पगार मिळतो. आणि कारण असतंच. कधी वायर ढिली असते, कधी माणूस.

माझी थोरली बहीण कुरुळीला दिलीय, चाकणच्या अलीकडं. दाजी तिथलेच, शेतकरी घरातले, पण आयुष्य गेलं एका कंपनीच्या टूलरूममध्ये, नमुन्याबरहुकूम साचे घडवण्यात. कंपनीनं ती लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि दाजी घरी बसले. बसले म्हणजे कसले! लिलावातून एक जुनं मिलिंग मशीन, म्हणजे धातू कापून आकार देणारं, उचललं, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं, त्याला मोटारी जोडल्या आणि कंप्यूटरवर चालवायचा घाट घातला.

आता ती शेड दोघा भावांची. दाजींचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्यांच्याकडं एक गोडाऊनवाला जागा मागून गेला होता. दादा माणूस सरळ. त्यांनी दाजींना तोंडावर सांगितलं, "दसऱ्यापोतर चाललं तर चालीव बाबा. न्हाई चाललं तर दिवाळीपासनं शेड गोडाऊनला. नुसतं लोखंड किती दिस बगायचं आमी?"

यात चुकीचं काहीच नव्हतं, पण दाजींचं जेवणावरचं मन उडालं. ताई मला फोनवर म्हणाली, "पिंट्या, मशीन गेलं ना, तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही. तू एवढा कंप्यूटरवाला, बघ की जरा."

गेलो. मशीन चालत होतं, पण गोल कापायला सांगितला की वांगं कापायचं. कारण मला लगेच कळलं. मोटारींना कंप्यूटरकडून ठोके जातात, ते अगदी वेळेवर जावे लागतात. आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जर साधा असेल तर तो मधेच दुसऱ्या कामाला लागतो. ढोलपथकात एकाचं टिपरू उशिरा पडावं तसं होतं. अशा कामाला खास रिअल-टाइम कर्नल लागतो, आणि तो त्या मशीनच्या मापानं शिवून घ्यावा लागतो.

शेडमधला पीसी इतका म्हातारा, की त्याच्यावर कंपाइल, म्हणजे कर्नल तयार करायचं काम, लावलं असतं तर पुढचा दसरा उजाडला असता. म्हणून मी त्याची हार्ड डिस्क काढून काळेवाडीला आणली आणि माझ्या कंप्यूटरला जोडली. कर्नलचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, नेटवरून उतरवला, रिअल-टाइमचा पर्याय चालू केला, वायफाय, ब्लूटूथ, कॅमेरा असलं नको ते सगळं वगळलं आणि कंपाइल केला. सुटसुटीत कर्नल तयार झाला. डिस्क पुसून तिच्यावर नव्या सिस्टिमसकट टाकला, बूट लोडर बसवला — बूट लोडर म्हणजे आपला सोसायटीचा वॉचमन समजा, पीसी चालू झाला की कर्नल कुठल्या खोलीत राहतो ते तोच सांगतो — आणि खंडेनवमीला सकाळी ऐटीत शेडवर पोचलो.

डिस्क बसवली, मेन स्विच टाकला. काळी स्क्रीन, आणि वर एकच ओळ, बूट करायला काही सापडत नाही.

आणि तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे गाढवा! वॉचमन तू स्वतःच्याच गेटवर उभा केलास! बूट लोडर बसवताना मी माझ्याच कंप्यूटरच्या डिस्कचं नाव टाकलं होतं. आमच्या धंद्यात ही चूक प्रत्येकानं केलेली असते, आणि प्रत्येकजण म्हणतो मी नाही केली.

ताई आरतीचं ताट घेऊन मागे उभीच. खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी स्पॅनरपासून क्रेनपर्यंत सगळं धुऊन-पुसून पूजेला बसतं, आणि एकदा बसलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

"ताई, डिस्क परत न्यायला लागेल. घरी दुरुस्त करून उद्या आणतो."

"पूजेला बसलेलं हत्यार कुणी उचलून नेतं का रे?"

"पूजा व्हायचीय अजून. आधीच काढतो."

मी डिस्क बाहेर काढली. ताईनं ती माझ्या हातातून घेतली, मशीनच्या पायाशी ठेवली आणि हळदीकुंकवाचं बोट थेट तिच्या लेबलवर!

"अगं कनेक्टरवर नको! जाईल ती!"

"तू गेलास तरी चालेल, हिला काही होत नाही," म्हणाली आणि वर झेंडूचं फूल ठेवून ओवाळलंसुद्धा. मग मेन स्विच बंद करून त्यालाही कुंकू लावलं. मी आरती संपायची वाट बघितली, डिस्क उचलून बॅगेत टाकली. ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दाजी तेव्हा झेंडू आणायला गेले होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. हे लक्षात ठेवा.

दुपारी घरी बसून बूट लोडर नीट योग्य डिस्कवर चढवला. चार वेळा नाव वाचून मग एंटर मारलं. चालू होताना जो मेनू येतो त्यात आपल्या कर्नलला हवं ते नाव देता येतं. मला काय हुक्की आली, मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं — दाजी झिंदाबाद. कुणाला सांगितलं नाही. सरप्राइज होतं. डिस्क पुन्हा बॅगेत, बॅग खुंटीला.

दसऱ्याला सकाळी बाइकवर निघालो तर मोशीच्या पुढं इंद्रायणीच्या पुलाआधी सगळं ठप्प. झेंडूचे टेम्पो, हार घातलेले ट्रक, शोरूममधून नुकत्याच निघालेल्या गाड्या, त्यांच्या बॉनेटवर अजून नारळाचं पाणी. माझा जीव वरखाली. दादा येऊन थांबले असणार. तेवढ्यात फोन वाजला. दाजी.

"पाव्हणं, सोडा टेन्शन! चालू झालं की मशीन! आन ते सुरवातीला काय लिवलंय वो, दाजी झिंदाबाद? लई हसलो राव!"

मला वाटलं मस्करी करतायत. पण ते नाव त्यांना कळणार कसं?

"दाजी... डिस्क माझ्याकडंय."

"कसली डिस्क?"

"अहो जिच्यात ते नाव लिहिलंय ती! काल मी घेऊन गेलो. त्या पीसीत काहीच नाहीये!"

दाजी म्हणाले, "मंग हितं काय चाललंय?"

मी गाडीवर बसल्या बसल्या बॅग पुढं घेतली, चेन उघडली. डिस्क तिथंच होती. लेबलवर हळदीकुंकू. मागून एकजण ओरडला, "ओ भाऊ, गाडी घ्या की पुढं, डबा नंतर खा!"

फोन ताईनं घेतला. "पिंट्या, बंद करायचं का?"

"नको! काय वाट्टेल ते करा, बंद करू नका!"

"मग गप ये. दादा आलेत."

पुढचा रस्ता मी कसा कापला ते विचारू नका. शेडमध्ये शिरलो तर मशीन कापत होतं, आणि आवाज असा एकसारखा, की कुठंही ठोका चुकत नव्हता. दाजी आंघोळ करून, कपाळाला अष्टगंध लावून उभे. दादा हाताची घडी घालून शेजारी. टेबलावर पितळेची पट्टी, आणि तिच्यातून हळूहळू आपट्याचं पान सुटत होतं.

दाजींनी सकाळी बांधावरच्या झाडाचं एक पान तोडलं होतं, त्याची मापं घेतली होती आणि तिथंच बसून त्या पीसीवर प्रोग्रॅम टाकला होता. त्या पानाची एक कड किड्यानं खाल्लेली होती. दाजी टूलरूमचा माणूस, जसं आहे तसं करणार. पितळेच्या पानालाही ती कड तशीच खाल्लेली!

पान सुटलं. दाजींनी ते फडक्यानं पुसलं, दादांच्या हातावर ठेवलं आणि वाकून पाया पडले. "दादा, सोनं घ्या."

दादांनी ते उलटसुलट केलं. खाल्लेल्या कडेवरून अंगठा फिरवला. "ह्ये मशीननं केलं?"

"व्हय."

"एकदा जमलं आसंल. आजून एक कर."

मी देवाचं नाव घेतलं. मी! दुसरं पान निघालं, पहिल्यावर ठेवलं तर केसाचाही फरक नाही. दादांनी पहिलं पान टोपीत खोवलं आणि दाजींच्या पाठीवर अशी थाप मारली की दाजी मशीनवरच आपटले असते. "आरं लेका! गोडाऊनवाल्याला सांगतो, दुसरी जागा बग म्हनावं!"

ताई पदर डोळ्याला लावून हसत होती. दाजी माझ्या गळ्यात पडले, आणि ते रडतायत का हसतायत ते मला कळेना. मंडळी, माझं स्वतःचं लग्न झालं त्या दिवशीही मी इतका खूश नव्हतो. बायको हे सदर वाचत नाही.

पण माझा किडा वळवळत होताच. पेढे वाटून झाल्यावर मशीन बंद करायला लावलं आणि पीसीचं झाकण काढलं. डिस्कची जागा रिकामी. केबल नुसती लोंबकळत होती, आणि खाली झेंडूची एक पाकळी पडली होती. दाजी झाकणाच्या आत बघतच राहिले. पेनड्राइव्ह नाही, नेटची केबल नाही, दुसरी डिस्क नाही. काल पूजेपासून रात्रभर मेन स्विच बंद होता, म्हणजे मेमरीत काही उरलं असेल म्हणावं तर तेही नाही. तसंच रिकामं चालू करून बघितलं तर कालचीच ती ओळ, बूट करायला काही सापडत नाही.

मग बॅगेतली डिस्क काढून बसवली. मेनू आला, दाजी झिंदाबाद. सिस्टिम उघडली. आणि आत एक फाइल होती, आपट्याच्या पानाची. उघडून बघितली, ती खाल्लेली कडसुद्धा होती. वेळ त्याच सकाळची, जेव्हा ही डिस्क माझ्या पाठीवर होती आणि मी मोशीत झेंडूवाल्यांच्या मधे अडकलो होतो.

मी ताईला स्क्रीनवरची वेळ दाखवली. "ताई, हे कसं शक्य आहे?"

ताई ताटातले पेढे सारखे करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला सांगितलं होतं. पूजेला बसलेलं हलत नसतं. तू नेलंस ते नुसतं पत्र्याचं खोकं."

मी डिस्क पुन्हा काढायला गेलो, अजून एकदा तपासावं म्हणून. दाजींनी माझा हात धरला. "पाव्हणं, बास. सुखाचं हाय ना? मंग त्याची चौकशी कशाला?"

ही फाइल मी ऑफिसातल्या दोघांना दाखवली. एक म्हणाला घड्याळ चुकलं असेल. चुकलं असेल! पण पानाची खाल्लेली कड घड्याळानं कापली का? दुसरा म्हणाला, तू डिस्क नेलीच नसशील. मग पुलाच्या अलीकडं मी हळदीकुंकू लावलेलं काय बघितलं? मला उत्तर माहीत नाही. या सदरात हे वाक्य लिहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. ज्यांना ज्यांना मी उंदीर म्हणालो त्यांची माफी. आणि हो, अर्थिंग तपासलंय.

दुसरं पान दाजींनी मला दिलं. ते माझ्या टेबलावर असतं, कुणी विचारलं की मी म्हणतो, दसऱ्याचं सोनं. शेड जोरात चाललीय. त्या गोडाऊनवाल्याला दुसरीकडं जागा मिळाली, आणि त्याच्या रॅकचे ब्रॅकेट आता दाजीच करून देतात.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी फोन आला. नाव बघून चकित झालो, कारण दादा मला कधी फोन करत नाहीत.

"पाव्हणं, उद्या मशीनची पूजा हाय. आरती तुमच्या हातनं. लवकर या," दादा म्हणाले. "आन ती ब्याग तेवढी घरी ठिवून या."