नंदाचं अर्धं पॅडल

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या नंदाला तर नाहीच. तिला गेल्या महिन्यात सांगितलं. आता तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका. एकदा तोंड उघडलं की पुन्हा मिटत नाही, एवढंच.

आधी पॅडलबद्दल सांगते. हो, माहीत आहे — माणसांपर्यंत यायला मी वेळ लावते आहे. पण पॅडल समजल्याशिवाय माझं करणं समजणार नाही.

कयाक या निमुळत्या, एकटीनं हाकायच्या होडीचं वल्हं, म्हणजे आमचं पॅडल, मधोमध सुटतं. दोन तुकडे, दोन्हींच्या टोकाला एकेक पातं. एका तुकड्याचा पाइप दुसऱ्यात शिरतो, आतल्या स्प्रिंगवरचं छोटं बटन भोकातून खटकन वर येतं आणि जोड पक्का होतो. पण पाण्यातून आल्यावर ते सुटं करून, धुऊन, वेगवेगळं वाळवलं नाही तर आत रेती बसते आणि जोड असा आवळतो की दोन माणसांना सुटत नाही. तेल घालायचं नसतं, तेलावर रेती आणखी चिकटते. हातोडा तर मुळीच नाही. बाहेरच्या पाइपवर गरम पाणी ओतायचं, दोघींनी दोन टोकं धरायची आणि उलटसुलट पिळत ओढायचं. घाई केली की काहीतरी मोडतं.

नागपुरात अंबाझरी तलावाच्या काठावर आमचा छोटा क्लब होता. पॅडल सांभाळायचं काम माझ्याकडे होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. मी शहरातल्या महाल भागातली, वडील कचेरीत कारकून. पोहायला शिकले ती घरच्यांशी भांडून. नंदा भिवापूरची, तिच्या घरची मिरचीची शेती. ती नागपुरात शिकायला आली, मावशीकडे राहिली, आणि एक दिवस नुसती बघायला म्हणून क्लबात आली. महिन्याभरात ती माझ्याबरोबरीनं कयाक चालवायला लागली. आणखी काही दिवसांनी माझ्यापुढे. तिला पाण्याची भीती कधी शिकवलीच गेली नव्हती. मामाच्या गावच्या तळ्यात लहानपणी ती डोंग्यातून शिंगाडे तोडायला जायची.

मैत्रीण होती का ती माझी? होती. खरंच होती. शनिवारी माझ्या घरी जेवायची, माझ्या आईला पापड लाटू लागायची. म्हणूनच तर हे सांगणं जड आहे.

विभागाच्या संघात मुलींची एकच जागा होती. निवड रामटेकजवळ खिंडसीच्या तलावावर होणार होती. आदल्या दुपारी मी एकटी पॅडल तपासत बसले. दोन चांगली होती. त्यातलं एक घट्ट अडकलेलं — मी ते मागच्या वेळी सुटं करायला विसरले होते. गरम पाणी ओतलं, पिळलं, ओढलं. सुटलं, पण आतली स्प्रिंग तुटली. बटन नुसतंच हातात आलं.

आम्हाला शिकवणाऱ्या सरांना सांगता आलं असतं. त्यांनी दुसऱ्या क्लबातून पॅडल मागवलं असतं, फक्त एक फोन. मी सांगितलं नाही. काहून नाही सांगितलं? माझी चूक दिसली असती म्हणून — असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. मी दोन्ही तुकडे जोडून ते बटन भोकात बसवलं आणि गोंदानं चिकटवलं. बाहेरून अगदी पक्कं दिसत होतं. मग ते पॅडल नंदाच्या लांब पिशवीत ठेवलं आणि चांगलं माझ्या.

हे आहे ते. जाणूनबुजून केलेलं. मला ती जागा हवी होती.

सकाळी वारा सुटला होता. मार्चमधला आडवा, गरम वारा. नंदानं पॅडल हातात घेतलं, बटनावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघून हसली. माझ्या हातून तयार झालेलं म्हणून तिनं आणखी तपासलं नाही.

जाताना आम्ही दोघी बरोबर होतो. पाण्यावर खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या लांबच्या पिंपाला वळसा घालून परत यायचं होतं. वळसा घेतला आणि मागून तिची हाक आली. शब्द नाही कळले. मी मान वळवून पाहिलं. तिच्या हातात अर्धं पॅडल होतं आणि दुसरं अर्धं लाटांवरून लांब चाललं होतं. तिची कयाक वाऱ्यानं आडवी झाली होती. मी जवळच होते. वळले असते तर पोचले असते.

मी वळले नाही. सरळ काठाकडे पॅडल मारत सुटले.

आणि आता जे सांगते ते सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो — आनंदानं येतो, हे तुम्हाला पटेल का? नंदानं पॅडल गेलं तिकडे एकदाच पाहिलं. मग उरलेल्या तुकड्याचं टोक वरून मुठीत धरलं, दुसरा हात पात्याजवळ नेला आणि डोंगा हाकतात तसा तो पाण्यात खुपसला. दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे. वारा तिला ढकलायचा, ती कयाकचं तोंड पुन्हा सरळ करायची. हे मला नंतर काठावरच्यांनी सांगितलं. मला फक्त आवाज ऐकू येत होता. जवळ येणारा आवाज.

काठावर सगळे उभे राहिले होते. कुणीतरी तिचं नाव घेतलं, मग सगळ्यांनीच घेतलं. माझ्याकडे अख्खं पॅडल होतं, हातात जोर होता आणि तरी तिची कयाक माझ्या बाजूनं निघाली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर काठावर होती, केस तोंडावर चिकटले होते, दात ओठांत रुतले होते. ती माझ्या आधी पोचली. कयाक चिखलात घुसली, ती उतरली आणि अर्धं पॅडल डोक्यावर धरून उभी राहिली. असं जिंकणं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

माझी गोष्ट इथं संपली असती तरी पुरेसं वाईट होतं. सरांनी विचारलं, जोड कसा सुटला? आणि मी — कुणी माझ्याकडे बघायच्या आधीच — म्हणाले की निघण्याआधी बटन तपासायचं काम नंदाचं होतं, तिनं नीट दाबून पाहिलं नसेल. जिंकलेल्या मुलीनं त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. तिनं सरांची माफी मागितली.

मग ती राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, पदक घेऊन आली. भिवापुरात तिची मिरवणूक निघाली, तिच्या बाबांनी आम्हा सगळ्यांना पिशव्या भरभरून मिरच्या दिल्या. मी ताशापुढे नाचले. मनापासून नाचले. त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही.

पंधरा-सोळा वर्षं झाली. नंदा आता त्याच काठावर मुलींना शिकवते, मी नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी जाते. अडकलेलं पॅडल माझ्याकडेच येतं. आजवर एकही जोड माझ्यापुढे टिकलेला नाही, हे मी मोठ्यानं सांगते. आणि दर वर्षी नव्या मुलींना नंदा तीच गोष्ट सांगते — अर्ध्या पॅडलची. शेवटी म्हणते, चूक माझीच होती, मी बटन नीट तपासलं नव्हतं, तुम्ही तपासत जा. दर वर्षी. मी बाजूला बसून ऐकते.

गेल्या महिन्यात एक पॅडल असं आवळलं होतं की मला एकटीला जमेना. नंदा दुसरं टोक धरायला आली. मुली पाण्यावर होत्या, काठावर आम्ही दोघीच. गरम पाणी ओतलं, समोरासमोर बसून पिळायला लागलो. ती सहज म्हणाली, यांना आज बटनाची गोष्ट सांगते. जोड सुटला, आम्ही दोघी मागे कलंडलो. ती हसत होती. आणि मी सांगून टाकलं. तुटलेली स्प्रिंग, गोंद, पिशवी. हाक ऐकूनही वळले नाही ते. सरांना काय सांगितलं ते.

तिचं हसू गेलं. हातातला तुकडा तिनं मांडीवर ठेवला. मग एवढंच विचारलं, "मी बुडाली असती त?"

"बुडाली असतीस," मी म्हणाले.

ती उठली. मला वाटलं, निघाली. पण ती पाण्याकडे तोंड करून उभी राहिली आणि हळूहळू तिची मान ताठ झाली.

"म्हणजे मी वाऱ्याले हरवलं, तुटक्या पॅडलले हरवलं, अन् तुले बी हरवलं," ती म्हणाली. "माह्या जिंकण्याचं मले आजवर निम्मंच माहीत होतं वं."

तिनं मला जवळ घेतलं नाही. जा असंही म्हणाली नाही. शिट्टी वाजवून मुलींना काठावर बोलावलं आणि ओल्या अंगानं बसवून ती गोष्ट सांगितली. या वेळी पूर्ण, माझ्या नावासकट. ‘चूक माझीच होती’ हे दर वर्षीचं वाक्य तिनं गाळलं. मी समोरच बसले होते. मुलींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि गोष्टीत ती काठाला लागली तेव्हा त्यांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की झाडावरचे बगळे उडाले.

मीही वाजवल्या.