चाचांच्या स्टुडिओतली रंगीत जनावरं

एकेका धंद्यात इतके किस्से का साठतात, कोण जाणे. आमच्याकडे साठले ते गिऱ्हाइकांमुळे. बैल, शेळी, कोंबडा, मांजर यांना स्वतःचं चित्र कसं आलंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. पण त्यांच्या माणसांना ते इतकं असतं की बोलायची सोय नाही! मैत्रिणी जमल्या की कुणीतरी म्हणतंच, “तो शेळीचा सांग ना.” मग एकातून एक निघत जातात.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी वरवे गावची. पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नसरापुरात रियाजचाचांच्या फोटो स्टुडिओत कामाला लागले. चाचा मूळचे भोरचे. उमेदीच्या काळात ते ब्लॅक अँड व्हाइट फोटो ब्रशने रंगवायचे. नवरीच्या गालावर असा गुलाबी चढवायचे की नवरा फोटोच्या प्रेमात पडावा! मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. “आपलं रंगवणं संपलं, बेटा,” म्हणाले आणि कॉम्प्युटर आणला.

लोक जनावराचा फोटो आणायचे. मी तो स्कॅन करून माउसने रंगाचे फटकारे मारायचे आणि फोटोचं पेंटिंग व्हायचं. चाचा मागे खुर्चीत बसून “पिवळा वाढव” म्हणायचे, पण माउसला हात लावायचे नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा रंगवावं, एवढंच मला वाटायचं, आणि तेवढंच सोडून ते सगळं करायचे.

*

पहिला किस्सा सोपानकाकांच्या बैलजोडीचा. काका वेल्ह्याकडचे. बेंदराच्या दिवशी सजवलेल्या हौशा आणि पाखऱ्याचा फोटो त्यांनी आणला होता. मी खपून रंगवला. झुलीचे आरसे असे चमकवले की माझं मलाच कौतुक वाटलं. उजेड डावीकडून आला तर बरं दिसेल म्हणून मी अख्खा फोटो आडवा उलटवला होता. कॉम्प्युटरवर एका क्लिकचं काम!

काकांनी प्रिंट हातात घेतली आणि त्यांचा चेहराच उतरला.

“ताई, पाखऱ्या उजव्या अंगाला कसा आला? आठ वर्सं डावीकडं जुंपतोय त्याला.”

“काका, फोटोच तर आहे.”

“फोटोत असला म्हून काय झालं? बैल त्योच हाय न्हवं? बिचकंल की त्यो!”

चाचांनी मागून माझ्या खुर्चीला पाय लावला. “पलटी कर, बेटा. मुकाट्यानं.”

मी पुन्हा उलटवला, नवी प्रिंट काढली. काकांनी ती लांब धरली, जवळ धरली. मग फोटोतल्या बैलांना जिभेने ट्चक ट्चक केलं, हळूच “हांऽ, चला” म्हणाले आणि निघून गेले.

*

शेळी माझ्या चुलतीची. शेळीच्या मागे चुलतीची मोरी, दोरीवर परकर आणि एक फुटकी बादली होती. ते सगळं पुसून मी मागे काश्मीर टाकलं. बर्फाचे डोंगर, निळं तळं, आणि काठावर आमची वरव्याची शेळी, कुठल्याशा स्वप्नात शिरल्यासारखी उभी. चाचासुद्धा म्हणाले, “वा!”

चुलती आली, बघितलं आणि माझ्यावर डाफरली. “अगं, गाभण हाय ती! बर्फात उभी केलीस व्हय?”

“डोंगर बदलते, काकी.”

“डोंगर ऱ्हाऊ दे, झ्याक हाय. तिच्या अंगावर कायतरी घाल.”

ते चित्र अजून चुलतीच्या घरात आहे. काश्मीरच्या तळ्याकाठी एक शेळी, आणि तिच्या पाठीवर गोणपाट!

*

कॉम्प्युटर फार हळू होता. एक इफेक्ट दिला की स्क्रीनवरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची. मी वैतागून माउस आपटायचे. चाचा म्हणायचे, “रंग वाळतोय. बोट नको लावू.”

मग आम्ही दारात बसून चहा प्यायचो. हायवेकडून गाड्यांचा आवाज यायचा, समोरचे डोंगर दुपारी निळे असायचे, ते हळूहळू जांभळे व्हायचे. चाचा त्यांच्याकडे बघत हवेत बोट फिरवायचे. थरथरत फिरायचं ते. मी बघतेय असं दिसलं की हात खिशात!

*

वेल्ह्याच्या एका गुरुजींनी मांजरीचा फोटो आणला. मांजर हललेली. शेपटीचा धूर झाला होता आणि तोंड म्हणजे दोन पुसट ठिपके.

“गुरुजी, दुसरा नाही का?”

“सबंध रोल तिच्यावर घालवला. हा त्यातला सगळ्यात स्पष्ट!”

डोळ्यांपासून सुरुवात केली. डोळे झाले आणि वीज गेली. सेव्ह केलं नव्हतं. वीज आली, पुन्हा डोळे काढले, पुन्हा वीज गेली! तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा गुरुजींची एसटीही निघून गेली होती. ते मात्र शांत बसून होते.

“ताई, राहू द्या. डोळे नकोत. ती माझ्याकडे बघतच नाही कधी.”

मग मी नुसता धूरच रंगवला. करडा, थोडा सोनेरी, खिडकीतून कुणीतरी आत्ताच उडी मारून गेल्यासारखा. गुरुजी बघत राहिले आणि म्हणाले, “अगदी तीच!”

*

कोंबड्याचा मालक रिक्षावाला होता. चित्र काच लावून फ्रेम करून नेलं. दुसऱ्याच दिवशी फ्रेमसकट हजर.

“काच काढून द्या, ताई. कोंबडा कालपास्नं आरवला न्हाई. खुराड्यावर चढून नुस्ता ह्येच्याशी भांडतोय. चोच मोडंल त्याची!”

काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असणार, हे मला कळत होतं. चाचांनी ते मानलं नाही. दिवसभर येईल त्याला सांगत होते, “कोंबडा फसला! ह्याला म्हणतात काम.”

संध्याकाळी शटर ओढताना मात्र म्हणाले, “तुझी कमाल, बेटा. माझं काय त्यात?” मला फार वाईट वाटलं. त्या कोंबड्याच्या तुऱ्यातला प्रत्येक लाल त्यांनी सांगितलेला होता.

*

आणि आता साळूबाईंचा.

साळूबाई तोरण्याखालच्या एका वाडीत एकट्या राहायच्या. मुलगा पुण्यात. त्यांचा कुत्रा गुंडू गेला होता. त्यांनी आणलेल्या फोटोत त्या स्वतः दारात उभ्या होत्या आणि कडेला एक शेपटी आणि एक मागचा पाय. गुंडू म्हणून एवढाच.

“ह्याचं तोंड करून द्या.”

“आजी, तोंड फोटोत नाहीच की.”

“व्हय. पर माझ्या ध्येनातनं बी चाललंय. परवा आठवंना गं. आधी हात फिरवला की समजायचं. आता हात कुठं फिरवू?”

मी माउस सोडला. चाचाच म्हणाले, “बाई, डोळं मिटा. त्यो म्होरं बसलाय समजा. हात फिरवा.”

साळूबाईंनी डोळे मिटले. दोन्ही हात पुढे आले आणि हवेत एक डोकं तयार होऊ लागलं. हितं कपाळ. हा कान उभा, ह्यो पडल्याला. हितं खड्डा, हितं खाजवलं की मान वाकडी करायचा. मी भराभर काढत गेले. छान झाला. केस तर रेशमासारखे.

त्यांनी बघितलं. “चांगला हाय. पर ह्यो बंगल्यातला वाटतो, बाय.”

दोनदा बदललं, तरी तो बंगल्यातच! साळूबाई फोटो पिशवीत घालायला लागल्या. “ऱ्हाऊ द्या. गेलंच म्हणायचं त्याचं तोंड.”

तेव्हा चाचा उठले. “सरक, बेटा.”

उजव्या हातात माउस धरला, डाव्या हाताने मनगट. हात थरथरत होता आणि स्क्रीनवर केस उमटत होते. वेडेवाकडे, राठ, कुठं माती लागलेले, कुठं चिकटलेले. बाहेरचे डोंगर जांभळे झाले. साळूबाई पुढे सरकल्या आणि त्यांनी स्क्रीनला बोट लावलं. तो जुना डबा मॉनिटर, काचेला बोट लागलं की करंट चावायचा. चर्र झालं! त्यांनी बोट मागे घेतलं आणि हसल्या.

“असंच टोचायचं ह्याचं केस.”

चाचा पाठ फिरवून किती तरी वेळ चष्मा पुसत होते.

वर्षाने साळूबाई पुन्हा आल्या. फ्रेम लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. मला वाटलं काच फुटली.

“काच धड हाय. वरीस झालं न्हवं? त्यो बी थकला आसंल आता. तोंडावर थोडं पांढरं करा.”

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, “किती?”

साळूबाई त्यांच्याकडे निरखून बघत राहिल्या.

“लई नगं. तुमच्या दाढीत हाय तेवढंच.”

चाचांनी दाढीवरून एकदा हात फिरवला आणि माउस ओढून घेतला.