काकींचं पाणी

फाटकाची कडी वाजली की मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "काका, चहा टाकू?" उत्तर यायचं नाही. काका आधी माणसांशी बोलायचेच नाहीत. चपला काढून थेट हौदाच्या काठावर उकिडवे बसायचे, सदऱ्याची बाही वर सारायचे, हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचे आणि डोळे मिटून तसेच थांबायचे. मग हात बाहेर काढून नाकाशी न्यायचे आणि निकाल द्यायचे.

"आज रुसलंय."

नाहीतर, "आज बरा हाय मूड." मूड बरा असला तर लगेच चहा. रुसलेलं असलं तर चहावर साय धरायची आणि काका लांब दांड्याची जाळी घेऊन एकेक पान वेचत राहायचे. मी चहा दोनदा गरम करायची आणि तिसऱ्यांदा तोंडाचा पट्टा सोडायची. त्यांच्यावर काही परिणाम व्हायचा नाही.

घर विकलं तरी घरातून न गेलेला असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. काका आमच्या घराचे आधीचे मालक. शिरवण्याचे, मूळ गाववाले. खडी-रेतीचे ट्रक होते त्यांचे. नेरूळमध्ये वस्ती नुकती कुठे दिसायला लागली तेव्हा त्यांनी हा बंगला बांधला आणि मागच्या अंगणात हा हौद. नव्वद साल उलटल्यावर त्यांच्या मुलांना आपापले फ्लॅट हवे झाले, बंगला विकायला निघाला आणि काका-काकी शिरवण्याच्या जुन्या घरात परत गेले. आमचे हे तुर्भ्याच्या कारखान्यात. त्यांना जवळ घर हवंच होतं. मला घर आवडलं, अंगणातला शेवगा आवडला. हौद मात्र गळ्यात पडला. ह्यांनी ऑफिसात रुबाबात सांगितलं, "आमच्याकडे स्विमिंग पूल आहे." सांगायला काय जातंय! तो घासायचा कुणी?

आणि पूल तरी कसला? लांबट, अरुंद, सगळीकडे छातीइतकाच खोल. पोहायला गेलात तर चार हात मारेपर्यंत डोकं भिंतीवर आपटेल. मी पहिल्याच भेटीत म्हटलं, "काका, हा असा कसा हो बांधलात? ना धड विहीर, ना धड पूल."

"पोवायला नाय बांधला, ताई," काका म्हणाले. "चालायला बांधलाय."

काकींच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात चालवा. म्हणून काकांनी आपलेच गवंडी लावून, आपल्याच रेतीत, काकींच्या उंचीचा हौद बांधला. व्यवहार ठरला तेव्हा मुलं कागदपत्रांचं बोलत होती आणि काका माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "घर तुमचंच हाय. पन हिला सकाली अर्धा तास चालू द्या. पानी मी राखीन. आनि तुमाला शिकवीन, म्हंजे मी नसलो तरी अडायचं नाय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "येऊ देत की. मला कुठे रोज जलक्रीडा करायचीय!"

झालं, शिकवणी सुरू झाली. जिन्याखालच्या खोलीत पंप, त्याच्या शेजारी रेतीनं भरलेलं पिंप. हौदातलं पाणी पंपानं ओढायचं, रेतीतून गाळायचं, परत हौदात सोडायचं. रेतीत घाण साचली की दांडा फिरवून पाणी उलटं मारायचं आणि ती घाण नाल्यात सोडून द्यायची. क्लोरीनची पावडर ऊन उतरल्यावर टाकायची. मी शहाणी, भर दुपारी टाकली, तीही नवी साडी नेसून. साडीवर पांढरे ठिपके पडले. काका म्हणाले, "डिझाइन चांगली हाय." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी चवळीच्या शेंगा आणून दिल्या आणि आमचं मिटलं.

एक गोष्ट मात्र ते रोज बजावायचे. "पंप हाय तर पानी हाय, ताई. पंप बंद पडला की ह्याचं डबकं. मंग तो हौद माज्या तोंडासमोर नको." वीज गेली की शिरवण्याहून सायकल मारत यायचे आणि पंपाला हात लावून बसायचे, जसं काही त्याला तापच भरलाय.

पहिल्या गणपतीत आम्ही जो पराक्रम केला तो ऐका. विसर्जनाला समोरचे वकील म्हणाले, "खाडीवर चिखल, गर्दी. तुमच्याकडे एवढं स्वच्छ पाणी असताना बाप्पाला चिखलात कशाला न्यायचं?" आम्हालाही वाटलं, किती पुण्याचं काम! आरती झाली, गुलाल उडाला, गल्लीतले चार गणपती आमच्या हौदात गेले. सकाळी पाणी गुलाबी, मूर्ती जशाच्या तशा तळाला बसलेल्या, आणि पंप घरघर करून गप्प. आता काका आपल्याला फाडून खाणार म्हणून आम्ही दोघं दाराआड उभे. काकांनी काठावरून खाली पाहिलं. आधी हात जोडले. मग म्हणाले, "बाप्पा, तुमी देव हाव. पन माज्या फिल्टरमदी कशाला शिरलाव?"

दिवसभर रेती उपसून धुताना ते मला समजावत होते. "पान्यात तुमी काय बी टाका, ताई, देव टाका नायतर दगड टाका. इरघळलं की सगलं फिल्टरमदी येनार. फिल्टरमदून नाल्यात. आनि नाला जातो खाडीत."

काकी रिक्षातून यायच्या. फाटकापासून हौदापर्यंत पाय फरफटत, काकांच्या खांद्यावर सगळा भार टाकून. त्यांचं माहेर खाडीपलीकडचं, मोऱ्याचं. लहानपणी वडील होडी घेऊन गेले ते परतलेच नाहीत. तेव्हापासून काकी दर्याकडे तोंड करून कधी उभ्या राहिल्या नाहीत. माहेरी जायच्या त्याही सगळा वळसा घालून, गाडीनं. अशा बाईला पाण्यात उतरवायचं म्हणजे गंमत नव्हती. काका आधी स्वतः उतरायचे, बनियन आणि अर्ध्या चड्डीत. मग दोन्ही हात पुढे करून म्हणायचे, "ये गो, ये. हे पानी कुटं नेत नाय. हितंच असतंय."

काकी त्यांना शिव्या देत उतरायच्या. तोंड वाकडं झालेलं, शब्द अर्धे फुटायचे, पण शिव्या बरोबर कळायच्या. आणि मग, तुम्हाला काय सांगू, पाण्यात पाय टेकला की त्या चालायला लागायच्या. सरळ. फरफट नाही, झोक नाही. काका त्यांचे हात धरून उलटे उलटे मागे सरकायचे आणि काकी पुढे पुढे. वळायच्या ठिकाणी त्या एक हात सोडवून घ्यायच्या आणि ओल्या खांद्यावरचा पदर नीट करायच्या. लग्नघरात शिरताना आपण करतो ना, तसा. मी काठावर भाजी निवडत बसायची. मला वाटायचं, ह्या बाईचा दिवस एवढाच, अर्ध्या तासाचा. बाकी सगळं नुसतं वाट बघणं.

चार वर्षं हे चाललं. मग एका थंडीत काकी झोपेतच गेल्या.

आम्ही शिरवण्याला गेलो तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून एवढंच म्हणाले, "पंप चालू हाय ना?" मला रडू आवरेना. मी नुसती मान हलवली.

कार्य आटोपल्यावर एका सकाळी फाटकाची कडी वाजली. काका आले, पण हौदाकडे गेले नाहीत. अंगणात उभे राहिले. हातात फडक्यानं तोंड बांधलेला छोटा तांब्या.

"पोरांनी खाडीत सोडली तिला," ते म्हणाले. "रीत हाय, मी कसा नको बोलनार? पन मूठभर राख मी मागं ठेवली, ताई. ती दर्याला किती भ्यायची तुमाला ठाऊक हाय. भरती-ओहोटी तिला कुटं कुटं नेईल. मना झोप नाय." मग खाली बघत म्हणाले, "हितं सोडू का? हे पानी तिच्या वलखीचं हाय."

माझ्या अंगावर काटा आला, खोटं का बोलू? राहत्या घराच्या अंगणात राख. हे काय म्हणतील, लोक काय म्हणतील, सगळं क्षणात डोक्यातून गेलं. मग मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हटलं, "सोडा काका. त्यांचंच पाणी आहे."

ते कपड्यांनिशी उतरले. वळायच्या ठिकाणी जाऊन त्यांनी मूठ पाण्याखाली नेली आणि तिथे उघडली. बराच वेळ तसेच उभे होते. बाहेर आले ते थेट जिन्याखाली गेले आणि पंपाचा खटका बंद केला.

"थोडं दिवस बंद ठेवाल?" त्यांनी विचारलं. "चालू केलात तर..."

मलाच त्यांनी शिकवलं होतं, पाण्यातलं सगळं शेवटी कुठे जातं ते.

पंप बंद झाला. त्याच्या घरघरीची इतकी सवय झाली होती की त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागली नाही. आठवड्याभरात पाणी गढूळलं, मग पोपटी झालं, मग गडद हिरवं. शेवग्याची पानं पडून कुजायला लागली. ज्या माणसाला एक पान खपत नव्हतं तो रोज येऊन त्या डबक्याकाठी बसायचा. जाळीला हात लावायचा नाही. हात कोपरापर्यंत घालायचा, पण निकाल द्यायचा नाही. हळू आवाजात बोलायचा. मी चहा घेऊन गेले की कानावर पडायचं, "आज वाटान्याची उसल केली गो. मीठ जास्त झालं." मी कप ठेवून पाऊल न वाजवता परत यायची.

फवारणीवाला आला, त्यानं वहिनी, हे काय, म्हणून सुरुवात केली. मी म्हटलं, "आमच्याकडे सुतक आहे. पुढे व्हा." वकीलसाहेब डासांबद्दल बोलले तेव्हा त्यांना चार गणपतींची आठवण करून दिली. हे म्हणाले, "अगं, किती दिवस?" मी म्हटलं, "त्यांचं होईल तेव्हा होईल. तुम्ही मच्छरदाणी लावा." ह्यांनी गुपचूप लावली.

मग मलाच मलेरिया झाला. ह्यांना ताकीद दिली, काकांना कळता कामा नये. पण भर दुपारी दोन घोंगड्या पांघरून ओट्याजवळ दात वाजवत उभी असलेली बाई कुणाला दिसणार नाही? काका दारात थबकले.

"हिवताप?"

"छे हो, साधी सर्दी."

ते हौदाकडे गेले. वाकून पाहिलं, पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या असाव्यात. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही. "तिला राखायला गेलो, ताई, आनि तुमच्या जिवावर उठलो."

"असं काही बोलू नका. मी दोन दिवसांत उठते. राहू द्या ते पाणी."

"नाय," ते म्हणाले. "तिनं बी मना शिव्या दिल्या असत्या."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते आले. मी शाल गुंडाळून खिडकीशी बसले. त्यांनी स्वतः हौदाच्या तळाचा कॉक फिरवला. पाणी नाल्यात पडायला लागल्याचा आवाज आला. काका काठावर बसून राहिले, दुपारपर्यंत, जेवले नाहीत. पाणी गुडघ्याएवढं उरलं तेव्हा खाली उतरले. "ती तलाला असंल," मला म्हणाले. "शेवटाला निघंल." मग वाकून, दोन्ही तळव्यांनी, वळायच्या ठिकाणापासून पाणी अगदी हळूहळू कॉककडे लोटायला लागले. ब्रश शेजारीच होता, पण त्यांनी घेतला नाही. "चल गो. चल. मी हाय ना."

हौद रिकामा झाला. ते बाहेर आले आणि चपला शोधायला लागले.

"काका, थांबा, जरा बसा. चहा तरी घ्या."

"आता नको, ताई. पानी कोपऱ्यावर पोचलं असंल." त्यांनी फाटकाची कडी काढली. "खाडीपातुर जातो. दर्या बघितला की घाबरंल ती. एकटी कशी जाईल?"

काका पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. पावसाळ्याच्या आत तेही गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी, फाटकाला धरून उभी असताना. ते नाल्याच्या कडेकडेनं चालले होते, रस्त्याकडे न बघता, पाण्याकडे बघत. कोपऱ्यावर कचऱ्याला पाणी अडलं होतं. ते तिथे बसले, हातानं कचरा बाजूला केला, पाणी पुढे सरकेपर्यंत थांबले आणि मग उठून त्याच्याबरोबर चालायला लागले.