चौथं रीडिंग

वंदनाकाकींचं नाव आधी लिहितो, मग काय झालं ते. काकी काशीदला आमच्या रिसॉर्टमध्ये हाऊसकीपिंगला आहेत. अकरा वर्षं चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. त्या शनिवारी सकाळी टॉवेलांचा गठ्ठा खाली ठेवून त्यांनी माझ्या हातातली नळी बघितली नसती, तर मी आज ही नोकरी करत नसतो. दुसरं काही करत असतो का, तेही सांगता येत नाही.

नळीतल्या पाण्याला रंग नव्हता. तिसऱ्यांदा.

मी स्विमिंग पूल ऑपरेटर आहे. लोकांना वाटतं हा माणूस जाळीने पानं काढतो. तेही काम आहेच. पण खरं काम पाण्याचं. जंतू राहू नयेत म्हणून पाण्यात क्लोरीनची पावडर टाकतात. कमी पडली तर पोहणारे आजारी पडतात. जास्त झाली तर डोळे आणि कातडी जळते. किती आहे ते बघायला टेस्ट किट असतं. छोट्या काचेच्या नळीत पूलचं पाणी घ्यायचं, एक गोळी टाकायची. पाणी गुलाबी होतं. फिकट म्हणजे क्लोरीन कमी, गडद म्हणजे जास्त. रंग तक्त्याशी जुळवायचा आणि आकडा लॉगबुकात लिहायचा. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. दिवसाला तीन रीडिंग, बस.

रंग नाही म्हणजे क्लोरीन शून्य. म्हणून मी पहाटेपासून पावडर टाकत होतो. टाकली, टेस्ट केली, रंग नाही. आणखी टाकली, तरी रंग नाही. आठ वाजता पुण्याची मोठी फॅमिली पूलवर येणार होती. घाईघाईत गोळी दोनदा खाली पडली.

काकी टॉवेल घेऊन आल्या आणि गेटमध्येच थांबल्या.

"आरं संतोष, वास केवढा मारतोय! डोळं चुरचुरतायत माझं."

"काकी, क्लोरीन शून्य आहे. बघा ना."

त्यांनी गठ्ठा बाकावर ठेवला. नळी हातात घेऊन उजेडात धरली. मग माझ्याकडे बघितलं.

"नळी खरी का माझं नाक खरं?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की क्लोरीन खूपच जास्त झालं तर ते गोळीचा रंगच खाऊन टाकतं. नळी साधी दिसते. नवा माणूस फसतो आणि वरून आणखी पावडर टाकतो. अशा वेळी पूलचं थोडं पाणी घ्यायचं, त्यात प्यायचं साधं पाणी मिसळायचं आणि मग गोळी टाकायची.

मी बाटलीतलं पाणी मिसळलं. गोळी टाकली. नळी गडद गुलाबी झाली, जांभळीच म्हणा ना.

गेटपाशी एक लहान मुलगी दंडांना हवेचे फुगे बांधून उभी होती. आई मागून चप्पल घालून येत होती. मी धावत जाऊन गेटची कडी लावली. काकींनीच सांगितलं, "ताई, आज पूल बंद हाय. बीचवर न्या बाळाला."

मॅनेजर पाच मिनिटांत हजर.

"शनिवारी पूल बंद? संतोष, तू होश में है क्या? गेस्टला काय सांगू मी?"

"सर, क्लोरीन जास्त झालंय. थोडं पाणी काढून नवीन भरतो. ऊन लागलं की क्लोरीन उडतं. उद्यापर्यंत होईल."

"जास्त झालं कसं? तू तर सारखा त्या नळीला चिकटलेला असतोस!"

त्यांचं बरोबर होतं.

मी वाशीम जिल्ह्यातला. नववीत शाळा सोडली. तीन वर्षांपूर्वी इकडे आलो. आधी समुद्र बघितला नव्हता. पावसाळ्यात सोमवार ते गुरुवार रिसॉर्ट रिकामं असतं. निम्मा स्टाफ आपापल्या गावी जातो. माझं गाव एका दिवसात जाऊन यायच्या अंतरावर नाही. पंप रूमच्या मागे माझी खोली. पंपाची घरघर, समुद्राचा आवाज आणि मी. कधीकधी चार दिवसांत माझ्याशी बोललेलं वाक्य म्हणजे "जेवण ठेवलंय".

अशाच एका पावसाळ्यात ते सुरू झालं. माझ्या पाण्याने कुणाचं तरी लेकरू जाणार, असा विचार आला आणि बसला तो बसलाच. रीडिंग घेतलं की खोलीपर्यंत जायचो. वाटायचं, चुकीचं बघितलं. परत यायचो. मग व्हॉल्व्ह बघायचो. मग परत रीडिंग. छातीत कुणीतरी पिळल्यासारखं व्हायचं. मला वाटलं, क्लोरीनचा वास फुप्फुसात बसला. एका डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. दुसरीकडे एक्सरे काढला. "काही नाही, क्लीन आहे," म्हणाले. क्लीन ऐकून मी जास्तच घाबरलो. मग हे होतंय काय? मोबाइलवर शोधलं तर जवळचा मनाचा डॉक्टर पनवेलकडे दाखवत होता. एका सुट्टीत कसं जमायचं? आणि डॉक्टरला सांगायचं काय, की मला नळीची भीती वाटते?

आई फोनवर विचारायची, "जेवला का रे बाबू?" मी म्हणायचो, जेवलो.

मॅनेजर गेल्यावर मी पाणी सोडायला व्हॉल्व्ह उघडला. काकी बाकावर बसून माझं लॉगबुक चाळत होत्या.

"तीन रीडिंग लिवायची असतात ना रं दिवसाला?"

"हो."

"हितं सदतीस हायत. काल एका दिवसात."

त्यांनी आणखी पानं उलटली. मग म्हणाल्या, "आमचे हे होडीचा दोर बघायला जायचे. बांधून घरी यायचे, जेवायला बसायचे, हात धुवून परत बंदरावर. वीस वेळा, तीस वेळा. लोक हसायचे. पुढं समुद्रावर जायचंच सोडलं."

"मग?"

"मी महिन्यातून एकदा अलिबागला बँकेत जाते ना?"

"हो. सगळ्यांना माहीत आहे."

"ती बँक न्हाय."

अकरा वर्षं ज्या बाईने रिसॉर्टमध्ये कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, तिने तो मला सांगितला. टॉवेलांच्या गठ्ठ्याशेजारी बसून. वर म्हणाल्या, "आता कुनाला बोललास तर नळी घशात घालीन."

(इथे लिहायची परवानगी त्यांनी दिली आहे. नाव बदलून. "गावचं नाव ऱ्हाऊ दे, गाव मोठं हाय," म्हणाल्या.)

मनाच्या डॉक्टर अलिबागच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारीच बसतात, हे दर महिन्याला काकांसाठी तिथे जाऊन काकींना पाठ होतं. त्यांनी मॅनेजरकडे दोघांची सुट्टी मागितली.

"दोघांना? कशाला?"

"बँकेत."

"तुमचं दोघांचं खातं एकाच बँकेत कधी निघालं, काकी?"

"आताच काढायचं हाय," काकी म्हणाल्या आणि चादरी उचलून निघून गेल्या. मॅनेजर हसले. सुट्टी मिळाली.

सकाळची एसटी. रेवदंड्याच्या पुलावर मी दोनदा उतरायच्या तयारीत उठलो. पंपाचा व्हॉल्व्ह बंद केला की नाही, तेच डोक्यात. काकींनी माझ्या शर्टाची बाही धरली आणि ती अलिबाग येईपर्यंत सोडली नाही. खिडकीबाहेर बघत होत्या, जसं काही बाही त्यांचीच आहे.

केस पेपर काढून आम्ही बाकावर बसलो. बाकावर कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नंबर आला तेव्हा मी काकींना म्हणालो, तुम्ही पण चला. डॉक्टरबाई वयाने लहान होत्या. "काय होतंय?" असं विचारलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. काही येईना. काकींनी पिशवीतून लॉगबुक काढून टेबलावर ठेवलं. ते त्यांनी आणलंय हे मला माहीतच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी ते वाचलं. नुसतं चाळलं नाही, वाचलं. एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे तुम्ही दर दहा मिनिटांनी लिहिलंय. मधल्या दहा मिनिटांत काय करत होता?"

"खोलीपर्यंत जात होतो. मग परत येत होतो."

तिथून मी बोलू शकलो. त्या मधेमधे विचारत होत्या. झोप येते का. जेवण जातं का. जीव द्यावा असं वाटतं का. शेवटच्या प्रश्नाला मी "कधीकधी" म्हणालो. काकींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो विचार आला तर एकटं बसायचं नाही, काकींना लगेच सांगायचं, असं डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांकडून कबूल करून घेतलं.

त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं. हा आजार आहे, याला नाव आहे, औषध आहे. मन खात्री मागतं. आपण खात्री दिली की ते आणखी मागतं. गोळी रोज घ्यायची. पहिले काही दिवस मळमळेल, गुण यायला महिना-दीड महिना लागेल. मनाने बंद करायची नाही. "आणि रीडिंग तीनच. चौथं घ्यावंसं वाटलं तर अर्धा तास थांबायचं. भीती वाटली तरी. अर्ध्या तासाने बघा ती किती उरते."

"आणि खरंच चुकलं असेल तर?"

"तर पाचचं रीडिंग आहेच की," त्या म्हणाल्या.

सोपं गेलं नाही. पहिल्या आठवड्यात तीनदा मोडलं. अर्धा तास काढायला काकी मला लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायला लावायच्या. चादरीची दोन टोकं त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे. माझ्या घड्या वाकड्या यायच्या, त्या परत घालायच्या. "पाण्याचा एवढा हिशोबी मानूस आन् चादर बघा," म्हणायच्या.

आईला फोनवर सांगितलं. सगळं नाही, अर्धं. ती म्हणाली, "पहिलेच काऊन नाही सांगतलं रे?" दुसऱ्या दिवसापासून जेवला का विचारल्यावर ती गोळी घेतली का विचारते.

आता लॉगबुकात तीन आकडे असतात. कधी चार. महिन्यातून एकदा आम्ही दोघं बँकेत जातो. नव्या मुलाला काम शिकवताना मी एवढंच सांगतो, की नळीला रंग नाही आणि वास मारतोय, तर पावडरला हात लावू नको. साधं पाणी मिसळ आणि कुणालातरी हाक मार.

स्टाफने पूलमध्ये उतरायचं नाही, असा आमचा नियम आहे. अकरा वर्षं काकी त्या पाण्याच्या काठावर टॉवेल ठेवतात, पाय कधी बुडवलेला नाही. कधीतरी मी स्वतःचा पूल चालवायला घेईन. पहिल्या दिवशी गेस्ट येणार नाहीत. काकी आणि त्यांचे ते, दोघंच उतरतील, उथळ बाजूने. टॉवेल मी घेऊन उभा राहीन.

त्या दिवशी रीडिंग मी एकदाच घेणार आहे.