‘पायथा’चा तोंडी अंक

या सदरातले अनुभव मी सकाळी चहाबरोबर वाचतो आणि बहुतेक वेळा बायकोला वाचून दाखवून हसतो. पिंपळाखाली उभी राहिलेली बाई, घाटात मागे लागलेला कंदील... मी आयुष्य बातमीदारीत काढलेला माणूस. कोणी काही सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला — तुम्ही स्वतः पाहिलंत का? आणि उत्तर येतं, मी नाही हो, आमच्या मेव्हण्यांनी. तिथेच माझ्या लेखी बातमी संपते. तर असा मी आज इथे लिहायला बसलोय आणि पंचाईत अशी आहे की माझ्या गोष्टीत पाहणारी माणसं ढीगभर आहेत, फक्त त्यांत मी नाही.

गोष्ट तिसाच्या दशकातली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या कर्जतची. नदीपलीकडे दहिवलीला ‘पायथा’ नावाचं साप्ताहिक निघायचं. तिघांचा कारभार. संपादक नाना — पूर्वीचे शाळामास्तर, दम्याने बेजार, पण अग्रलेख लिहायला बसले की खोकला पळून जायचा. कंपोझिटर इब्राहिमभाई खालापूरचे, ताडमाड उंच, मेंदी लावलेली दाढी. माझी लांबलचक वाक्यं ते टाइपाचे खिळे जुळवता जुळवताच छाटायचे आणि वर मला सांगायचे की ती वाऱ्याने उडाली. तिसरा मी, दामू. बातम्या आणणं, प्रूफं वाचणं, अंकाच्या घड्या घालून पोस्टात टाकणं, सगळं माझ्याकडे.

जंगलातल्या माणसांच्या हालांवर नानांनी एक अग्रलेख लिहिला आणि तो वरच्यांना झोंबला. सरकारने छापखान्याकडे जामिनाची मोठी रक्कम मागितली. ती भरणं आमच्या बापजन्मी शक्य नव्हतं. एका सकाळी शिपाई आले, पायाने चालणाऱ्या छपाईच्या ट्रेडल मशीनला दोर गुंडाळला, लाखेचं सील मारलं आणि ‘पायथा’ बंद पडला.

वर्तमानपत्र बंद पडतं म्हणजे काय होतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. बातम्या येतच राहतात हो... ठेवायच्या कुठे? नाना रोजच्या वेळेला येऊन टेबलाशी बसायचे आणि विचारायचे, “दामू, काय विशेष?” मी सांगायचो. ते मान डोलवून म्हणायचे, “दुसऱ्या पानावर घ्या.” दुसरं पान कुठलं आणि पहिलं कुठलं! इब्राहिमभाई ओट्यावर बसून मांडीवर बोटं नाचवायचे, जणू खिळे उचलतायत. एक दिवस मला ते बघवेना. नदीवर गेलो आणि लहान मुलासारखा रडलो.

शेवटी नानांनीच तोड काढली. म्हणाले, सील मशीनला आहे, आपल्याला नाही. अंक तोंडाने काढू. आणि खरंच आम्ही काढला! आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी कधी कर्जत, कधी नेरळ, कधी खालापूर. पण नाना शिस्तीचे. आधी पत्राचं नाव आणि तारीख, मग अग्रलेख, मग स्थानिक वृत्त, बाजारभाव, जाहिराती, अन् सगळ्यात शेवटी छापणाऱ्याच्या नावाची ओळ. ती ओळ कायद्याने छापावीच लागायची, म्हणून नाना ती बोलूनही दाखवायचे — “हे पत्र दहिवली येथील तिघांनी तोंडाने प्रसिद्ध केले.” अग्रलेख सुरू झाला की लोक हळूच सुक्या मासळीकडे सरकायचे. इब्राहिमभाई मथळा सांगताना हात पसरून म्हणायचे, इथे मोठा टाइप समजा. हसू व्हायचं, पण गर्दी जमायची. माझ्या बातम्यांना तर लोक मासळी सोडून परत यायचे... थोडी बढाई मारतोय, मारू द्या.

ऐकणाऱ्यांत पळसदरीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या कुशीतल्या वाड्यांवरची ठाकर मंडळी असायची. मोळ्या, मध, रानभाजी घेऊन बाजाराला यायची. त्यांतली बुधीबाय माझी ठरलेली वाचक, म्हणजे श्रोती. उभ्या उभ्या सगळा अंक ऐकायची आणि जाताना नेमका एक प्रश्न विचारायची. वाडीवर मात्र मी कधी गेलो नव्हतो.

एका शनिवारी संध्याकाळी मला कचेरीत एक बातमी कळली. डोंगरउतारावर या लोकांच्या दळी होत्या, म्हणजे जंगलखात्याच्या जमिनीतले नाचणी-वरी पिकवायचे तुकडे. त्यांची चौकशी करायला प्रांतसाहेब सोमवारी कर्जतला येऊन बसणार होते. कसणाऱ्याने स्वतः समोर येऊन सांगितलं तर त्याची दळी कायम. जो येणार नाही, त्याची गेली. नोटीस कचेरीच्या फळ्यावर इंग्रजीत लागली होती. वाडीवर ती कोण वाचणार! उलट कोळशाच्या भट्ट्यांचा एक ठेकेदार वाड्यांवर सांगत फिरत होता की दळी कधीच रद्द झाल्या, आता पोट भरायचं तर माझ्या भट्टीवर चला. एवढ्या घरांचं वर्षाचं धान्य एका दिवसावर आलं होतं, आणि ती बातमी माझ्याजवळ होती.

मध्ये फक्त रविवार होता. इब्राहिमभाई शनिवारीच खालापूरला अंक सांगायला निघून गेले होते. नाना चार पायऱ्या चढले तरी बसायचे. म्हणजे डोंगर मलाच चढायचा होता. सकाळी चपला घालून निघालो तर नाक्यावर हवालदार उभा. फौजदारसाहेबांनी बोलावलंय म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे.

ती दोन मिनिटं दिवेलागणीपर्यंत चालली. फौजदार मोठे गोड बोलणारे. या, बसा, चहा घ्या, काही नाही हो, जरा चौकशी आहे. चौकशी काही होईना आणि सोडीनातही. दुपारी मला सगळं कळून चुकलं. मला कुठे जायचंय हे यांना ठाऊक होतं आणि तेवढ्यासाठीच मला बसवून ठेवलं होतं. रागाने येरझारा घालायला लागलो तर उजव्या चपलेचा अंगठा तुटला. मग दोन्ही चपला काढून बाकावर बसलो. इतका अपमान, इतकी हतबलता मी आयुष्यात पुन्हा अनुभवली नाही. पेपर बंद झाला तेव्हाही नाही.

आणि मग मला दुसरं काही सुचेना म्हणून मी अंक सांगायला लागलो. पुटपुटत, समोरच्या भिंतीकडे बघून. नाव, तारीख, नानांचा अग्रलेख, मग बातमी — उद्या सोमवारी कर्जतच्या कचेरीत प्रांतसाहेबांपुढे सगळ्यांनी जायचं, पोराबाळांसकट जायचं, दळीत पिकलेलं काही हातात घेऊन जायचं. शेवटची ओळ झाली की पुन्हा पहिल्यापासून. हवालदाराने विचारलं, “अहो, कोणाला सांगताय?”

“भिंतीला,” मी म्हणालो.

तो हसला आणि तंबाखू मळायला लागला. माझा डोळा लागला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून पहिली शंका तीच येईल. हवालदार दिवसभर समोर होता आणि मी दिवसभर बडबडत होतो.

सोमवारी सकाळी कचेरीवर गेलो तो पडलेला चेहरा घेऊन. म्हटलं, निदान बातमीदार म्हणून उभं तरी राहू. नाना काठी टेकत माझ्याबरोबर आले होते. आणि नदीच्या अंगाने मंडळी येताना दिसली... आधी वाटलं बाजाराचीच माणसं. पण बाजार नव्हता. म्हातारे, बाया, पाठुंगळी पोरं. हातात कोयते, नाचणीची कणसं, वरीच्या पेंढ्या. एका वाडीची नाही, सगळ्या वाड्यांची! नानांनी माझा दंड धरला तो सोडीनात.

सगळ्यांत पुढे बुधीबाय. मी तिला विचारलं, तुम्हाला सांगितलं कोणी?

तिला माझी थट्टा वाटली. “तुमीच की. काल दुपारच्याला येऊन दगडावर बसलात ना? पानी दिलं तं घेतलं नाय. म्हनलात, म्होरल्या वाडीवर जायचं हाय.”

“मी?”

“मंग कोन? अनवानी आलतात. एक वहान हातात, अंगठा तुटल्याली.”

 खरंच सांगतो, कचेरीच्या भिंतीला टेकलो. नानांनी मात्र लगेच विचारलं, बाई, अंक शेवटपर्यंत सांगितला का यांनी? ती म्हणाली, हो, शेवटी ते तिघांनी तोंडाने काय केलं तेही सांगितलं. आणि अग्रलेख? तोही सगळ्यांनी बसून ऐकला. नाना एकदम ताठ झाले. अग्रलेख शेवटपर्यंत ऐकला गेल्याची ही ‘पायथा’च्या इतिहासातली पहिलीच वेळ होती.

एवढ्यात ठेकेदार धावत प्रांतसाहेबांपुढे गेला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, हा बंद पडलेल्या पेपरचा माणूस. काल दुपारी वाड्यांवर फिरून यानेच लोकांना चिथावलं. माझ्या मुकादमाने डोळ्यांनी पाहिलंय. मुकादम पुढे आला आणि त्याने शपथेवर सांगितलं, हो, हाच माणूस, पायात काही नव्हतं. म्हणजे शत्रूचा माणूससुद्धा बुधीबाय सांगते तेच शपथेवर सांगत होता, आणि मी तिथे नव्हतो!

प्रांतसाहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, साहेब, काल दुपारी मी कुठे होतो ते फौजदारसाहेबांना विचारा.

बंदोबस्ताला तिथेच उभ्या असलेल्या फौजदारांचा चेहरा मला अजून आठवतो आणि अजून गुदगुल्या होतात. मी वाडीवर होतो म्हणावं तर चौकीतून माणूस निसटला कसा, आणि चौकीत होतो म्हणावं तर ज्याच्यासाठी मला बसवून ठेवलं तो ठेकेदारच खोटा पडतो. शेवटी मान खाली घालून म्हणाले, “माझ्या चौकीत होता, साहेब. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.”

“कोणत्या आरोपावरून?”

फौजदार टोपी काढून कपाळ पुसायला लागले. प्रांतसाहेबांनी ठेकेदाराला बाहेर जायला सांगितलं आणि कारकुनाला म्हणाले, घे नावं. मग दिवस कलेपर्यंत एकेक जण पुढे होऊन नाव सांगत राहिला. प्रत्येक नावाला नाना शेजारी उभे राहून बारीक आवाजात म्हणत होते, पहिल्या पानावर घ्या. एकही दळी गेली नाही. आम्ही परत आलो तेव्हा खालापूरहून आलेले इब्राहिमभाई ओट्यावर वाट बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं, मला मिठी मारून उचललं आणि सील मारलेल्या मशीनभोवती एक फेरी घातली. इतका आनंद त्या छापखान्याने अंक निघत होते तेव्हाही पाहिला नव्हता.

मी शंका काढणारा माणूस, गप्प बसलो नाही. कोणी माझं सोंग घेतलं का? पण चपलेचा अंगठा चौकीत तुटला, तो हवालदाराशिवाय कोणी पाहिला नव्हता. इब्राहिमभाई? त्यांना खालापूरच्या बाजारात शेकडो लोकांनी ऐकलं होतं, आणि त्यांची दाढी लपणार कशी? वाड्या एकमेकींपासून इतक्या लांब की दुपार ते संध्याकाळ एका माणसाला सगळ्या फिरणं जमणारच नाही. तरी प्रत्येक वाडीवर मी ‘दुपारच्याला’च येऊन गेलो होतो. यातलं काही कशाला जुळत नाही.

पुढच्या रविवारी मी खरोखर वाडीवर गेलो. मला कोणी अडवलं नाही. फौजदार तर वाटेत भेटले आणि दुसरीकडे बघायला लागले. वाडीवरच्या कुत्र्यांनी माझ्यावर भुंकून भुंकून रान उठवलं, पण माणसं जुनी ओळख असल्यासारखी दगडाशी घेऊन गेली. मी उभा राहिलो आणि ताजा अंक सांगितला. मुख्य बातमी, सर्व वाड्यांच्या दळी कायम. त्यांचीच बातमी, त्यांना पाठ असलेली. तरी त्यांनी ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा सांगवून घेतली आणि दर वेळी म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.  पेपर बंद पडलेला नव्हता, समोर बसला होता.

बुधीबाय मात्र कपाळाला आठ्या घालून बघत होती. म्हणाली, “दादा, आज असं का सांगता?”

“कसं?”

“ह्ये तुमचं कर्जतचं बोलनं. आमच्या म्हाताऱ्यांना निम्मं कळतं, निम्मं नाय. त्या दिशी किती नीट सांगितलंत, पार आमच्या बोलीत.”

मला त्यांच्या बोलीतला एक शब्द येत नव्हता. काय सांगणार तिला? विसरलो म्हणालो. तिने शेजारी बसवलं आणि म्हणाली, मग शिका परत. आणि मी शिकलो. ‘पायथा’ छापून पुन्हा कधीच निघाला नाही, पण त्या दगडावर तो पुढे कित्येक वर्षं निघत राहिला, त्यांच्याच बोलीत, नानांच्या अग्रलेखासकट.

याचा उलगडा मला आजवर झालेला नाही आणि वाचकांपैकी कोणाला सुचला तर जरूर कळवा. बुधीबाय शेवटपर्यंत म्हणायची की मी आता बरं सांगतो, पण पहिल्या दिवशी आलेला दामूदादा जास्त चांगलं सांगत होता. तो कोण होता मला माहीत नाही... पण खरं सांगू? आयुष्यात मला हेवा वाटला असा बातमीदार तो एकच.